पिस्टनचं माप

७ जानेवारी, मंगळवार

आज हिनं घरात शिरल्या शिरल्या पर्स खुंटीला न लावता माझ्या कापायच्या टेबलावर टाकली, तीही नवरदेवाच्या कोटाच्या कापडावर. म्हणजे प्रकरण गंभीर. डोंगरावर जाणारी सकाळची बस एक मार्चपासून बंद होणार. प्रवासी पुरत नाहीत म्हणे. त्या बसमध्ये हिला रोज उभं राहायलासुद्धा जागा नसते, पण सांगणार कोणाला!

ही डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिथल्या वस्त्यांमधली निम्मी पोरं हिच्या हातावर जन्मली. आता मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेवर पोचायची सोय होत नसेल तर खाली गावातल्या रुग्णालयात फायलींच्या खोलीत जागा आहे. पंखा आहे, खुर्ची आहे, कटकट नाही.

"फायलींना कळा येतात का?" असं म्हणून ही तडक मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

मला ते बघवेना. मी उभ्या उभ्या निर्णय घेऊन टाकला. मागच्या पडवीत आमच्या मामांची मोटरसायकल ताडपत्रीखाली पडून आहे. इंजिन जाम आहे, पण बाकी माल अस्सल. तिचं इंजिन नव्यानं बांधायचं आणि हिला रोज सकाळी मी स्वतः वर सोडायचं, संध्याकाळी आणायचं.

"रोज?" हिनं विचारलं.

"रोज."

"आणि दुकान?"

"दुकान काय पळून जातंय?"

ही माझ्याकडे नुसती बघत राहिली. भारावून गेली असावी. एवढं मोठं काम अंगावर घेतलंय तर मागे नोंद राहिली पाहिजे, म्हणून दोऱ्याच्या एजंटनं दिलेली ही डायरी आजपासून सत्कारणी लावतो.

१२ जानेवारी, रविवार

पान्हा आला. पान्हा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझा शालक. त्याचं गॅरेज आहे आणि लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या खिशातून पान्हा डोकावतोय. तो खिसा मीच शिवला होता, म्हणून फोटो बघताना मान खाली घालावी लागते.

दुपारपर्यंत इंजिन पार मोकळं झालं. पिस्टन म्हणजे पिचकारीतल्या दट्ट्यासारखा दट्ट्या, सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा. आमचा गंजून सिलिंडरला चिकटला होता. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं बाहेर काढला तेव्हा सिलिंडरच्या अंगावर ओरखडे उठलेले दिसले. म्हणजे लेथवर नेऊन भोक थोडं मोठं करायचं आणि त्या मापाचा नवा पिस्टन बसवायचा.

"कुठला आणू, भावोजी? तीन प्रकारचे मिळतात."

"चांगला आण."

"तिन्ही चांगलेच आहेत. तुम्हाला दाब किती हवाय ते सांगा."

मग त्यानं समजावलं. पिस्टन खाली असताना आत जितकी हवा आणि पेट्रोलची वाफ मावते, ती पिस्टन वर आला की चेपून कितव्या हिश्शाच्या जागेत बसते, यावर सगळा खेळ. मामांच्या वेळी साडेसहाला एक होतं, कारण तेव्हा पेट्रोल बेताचं होतं. आकडा वाढवला की ताकद वाढते, पण इंजिन तापतं, चढावर ठोके देतं आणि किक जड होते. या गाडीला किक हलकी करणारी एक चिमुकली झडप होती, पण मामांनी कधीतरी कंटाळून तिच्या भोकात बोल्ट ठोकून टाकलाय. मामा सगळ्याच प्रश्नांवर बोल्ट ठोकत.

मी जाहीर केलं, साडेआठ. हिशेब सोपा आहे. मी ब्याऐंशी किलो, ही पन्नासच्या आसपास, डबा वेगळा, आणि चढ असा की बससुद्धा धापा टाकते.

"सात पुरे," पान्हा म्हणाला.

"अरे, तू तो चढ बघितलास का?"

"चढ बघितलाय. तुम्ही किक बघितली नाही अजून."

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. "सहा-साडेसहाच ठेवलं तर नाही का चालणार?"

मी हिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं, दोन माणसं, चढ, वजन. हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गाडीवर एकच माणूस असेल तर?"

"एकच कशाला असेल?"

पान्ह्याला एकदम खोकल्याची उबळ आली. ताडपत्रीची धूळ त्याला सोसत नाही.

१९ जानेवारी, रविवार

सिलिंडर लेथवाल्याकडून आला आणि तिन्ही पिस्टन पसंतीला आले. न लागलेले दोन परत करायचे. कापायच्या टेबलावर ओळीनं मांडले. एक सपाट डोक्याचा. एक खोलगट, बशीसारखा. आणि एक घुमटाचा, डोक्यावर टेंगूळ आल्यासारखा. घुमट आतली जागा खातो म्हणून दाब वाढतो, बशी जागा देते म्हणून कमी होतो. माझा जीव घुमटावर जडला. काय त्याचा रुबाब!

मधेच नवरदेवाचे वडील आले. मुलगा कामात आहे, बांधा माझ्यासारखाच आहे, तेव्हा कोटाचं माप माझ्याच अंगावर घ्या, म्हणाले. मी टेप गळ्यातून काढलासुद्धा नाही. "साहेब," म्हटलं, "कपडा ज्यानं घालायचा, माप त्याचं. बापाच्या अंगावर पोराचा कोट कापला तर फजिती माझी होते." त्यांना तसंच परत पाठवलं. या बाबतीत मी सख्ख्या भावाचंही ऐकत नाही. ही दारात उभी राहून ऐकत होती. "वा," म्हणाली. आजकाल हिला माझं कौतुक फार.

मग खरं काम. इंजिनच्या टोपीत, म्हणजे हेडमध्ये, किती जागा आहे ते मोजायचं. हिनं केंद्रातली निकामी झालेली मोठी सिरिंज आणली. हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह बंद, प्लग घट्ट, वर ग्रीस लावून काच बसवली. काचेला मी आधीच भोक पाडून आणलं होतं. हिनं पाण्यात जांभळं औषध थेंबभर टाकलं आणि त्या भोकातून सिरिंजनं हळूहळू भरलं. हिचा हात काय स्थिर! मी वाकून बुडबुडा शोधत होतो तर म्हणाली, "श्वास आवरा, काच हलते." बावन्न मिली भरलं. मी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा बावन्न.

"तू पेशंटला पण दोनदा टोचतेस का?" पान्ह्यानं हिला विचारलं.

"तुझ्या भावोजींसारखा असेल तर तीनदा," ही म्हणाली.

२० जानेवारी, सोमवार

हिशेबात साडेआठ हवे होते, नऊच्या वर आले! घुमट आपल्या कल्पनेपेक्षाही भारी निघाला. पान्ह्याला फोन लावून आनंदाची बातमी दिली.

"गॅस्केट धरलंत का?" त्यानं विचारलं.

सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये जी चकती बसते, तिच्याही जाडीची जागा धरायची असते. मी, आयुष्यभर शिवणीसाठी कापड सोडणारा माणूस, शिवण सोडायलाच विसरलो! गॅस्केटचे चार मिली धरले. घुमटाला बरोबर साडेआठ, सपाटाला सात, बशीला साडेसहा. ठरवलं होतं तितकंच आलं, याला योग म्हणतात. घुमट पक्का.

हिला सांगितलं. "सात म्हणजे सपाट का?" एवढंच म्हणाली. अभ्यास करते बिचारी, पण विषय अवघड आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

हिनं मला पँट शिवायला सांगितली! लग्नानंतर पहिल्यांदा. केंद्रात साडीनं अडचण होते म्हणते. मी गिऱ्हाइकाला विचारतो तसं रीतसर विचारलं, काम बसून आहे की उभ्यानं?

"दोन्ही."

"वाकावं लागतं?"

"पाय टाकावा लागतो."

"कशावरून?"

"खाटेवरून. दाटीवाटी किती असते तिथं, तुम्हाला काय माहीत!"

तिला गुडघ्यात सैल हवी, आसनाला ऐसपैस हवी, आणि घोट्याशी, विशेषतः उजव्या, अगदी बेतशीर. कुठं अडकता कामा नये. खिसा खोल आणि बटणाचा. "चावी पडू नये," म्हणाली. औषधांच्या कपाटाची असणार. मोठी जबाबदारी आहे तिच्यावर.

मी दुहेरी शिवण घातली. जन्मात इतकी मजबूत पँट शिवली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हिच्या उजव्या नडगीवर केवढा काळानिळा डाग! विचारलं तर म्हणाली, केंद्रातलं स्टूल लागलं. नखांत काळं होतं, ते आयोडीन. हल्ली रविवारी मैत्रिणीकडे जाते तीही दमूनभागून परत येते. बस बंद होणार या काळजीनं खचत चालली आहे. म्हटलं, "आता थोडे दिवस. एकदा गाडी झाली की तुला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही."

आई कोपऱ्यात बसून गहू निवडत होती. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," असं सुपाकडे बघून म्हणाली. काय हरवलंय विचारलं, तर सांगेना. वय झालं आता तिचं.

९ फेब्रुवारी, रविवार

घुमट असला की एक भीती असते. वर आलेला पिस्टन व्हॉल्व्हवर आपटला तर सगळं मुसळ केरात. म्हणून पिस्टनच्या डोक्यावर काहीतरी मऊ थापायचं, हेड बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं आणि पुन्हा उघडून बघायचं की व्हॉल्व्हचा ठसा किती खोल उमटलाय. पान्हा म्हणाला, मुलांची खेळायची माती लागेल. आमच्या घरात कुठली! मी आईच्या परातीतून कणकेचा गोळा उचलला.

ठसे असे सुबक उमटले की काजं करावीत. पुरेशी जागा आहे. मी गोळा आईला दाखवायला नेला.

"बघ आई, कणकेवरून कळतं कोणाला किती जागा लागते."

"कणकेला कळलं," आई म्हणाली. "तुला कधी कळायचं?"

या वयात तिला इंजिनची गोडी लागली हे बघून बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

झाली! गाडी सुरू झाली! पण सरळसोट झाली असं लिहिलं तर डायरीशी बेइमानी होईल.

पहिली किक मारली तर खालीच जाईना. दुसरी गेली, पण तिनं मला परत वर फेकलं. माझा पाय पॅडलवरून निसटला आणि घोटा अशा ठिकाणी आपटला की सगळ्या पूर्वजांची आठवण झाली. इस्त्रीवाला समोरून गरम इस्त्री हातात घेऊन बघायला आला. मी पुन्हा पुन्हा मारली. शर्ट घामानं अंगाला चिकटला. आणि मग, धडाड! आवाज काय आहे! समोरच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी पान्ह्याला मिठी मारली. पान्ह्यानं मला मारली नाही.

गाडी बंद केल्यावर ही पुढे आली. "मी बघू का मारून?"

मला हसू फुटलं. "सवत आहे ती तुझी. तुझं कशाला ऐकेल?"

हिनं ऐकलं नाही. पदर खोचला, किकवर पाय ठेवला, हळूच दाबून कुठं अडते ते बघितलं, जरा वर सोडली आणि सगळं अंग टाकलं. किक जागची हलली नाही. ही तिच्यावर पायरीवर उभं राहावं तशी उभी! इस्त्रीवाला हसला, मी हसलो, हीसुद्धा हसली. मग हसू आवरेना म्हणून असेल, तोंडाला पदर लावून पटकन आत गेली.

पान्हा हत्यारं गोळा करत म्हणाला, "भावोजी, सपाट पिस्टन अजून परत केलेला नाही मी."

"का रे?"

"असू दे म्हटलं."

धंद्यात लक्ष नाही पोराचं.

६ मार्च, गुरुवार

बरेच दिवस लिहायला वेळ नाही. मी आता सकाळी ड्रायव्हर, दुपारी शिंपी, संध्याकाळी पुन्हा ड्रायव्हर.

चढ म्हणाल तर गाडी पाण्यासारखी चढते. तिथं साडेआठनं नाव काढलं. शेवटच्या वळणावर आतून टकटक ठोके येतात, पण मी मोठ्यानं बोलत राहतो म्हणजे हिला ऐकू येत नाहीत. भानगड किकची आहे. सोमवारी घोटा सुजला. मंगळवारी त्याच पायानं किक मारता मारता वेळ गेला आणि हिला उशीर झाला. काल पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असंच चालणार असेल तर फायलींच्या खोलीचा कागद काढते. आज मला बूटच घालवेना. ही दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधे बसून गेली.

दुकानात नवरदेव स्वतः येऊन तीनदा परत गेला. कोटाला अजून बाह्या नाहीत. तो तसा उतावळा आहे, पण बाहीची अपेक्षा रास्त आहे.

रात्री हिनं माझ्या घोट्याला पट्टी बांधली. मी म्हटलं, "तुझी नोकरी जाणार नाही. मी आहे ना." तिनं पट्टी जरा जास्तच आवळली.

९ मार्च, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारची जेवणं झाली होती. केंद्रातल्या आयाबाईंचा फोन आला. पाण्याच्या टाकीजवळच्या वस्तीतली पहिलटकरीण अडली आहे, मूल पायाळू दिसतंय, डॉक्टरीणबाई सुट्टीवर आणि केंद्राची गाडी डोंगरापलीकडे दुसरा पेशंट घेऊन गेलेली. ही फोनवर बोलता बोलताच आत गेली आणि पँट घालून बाहेर आली.

मी लंगडत अंगणात गेलो. किकवर पाय टाकला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुसऱ्यांदा टाकला तर पायच उचलेना. पान्ह्याला फोन लावला, लागेना. मी ओट्यावर बसलो. आयुष्यात इतका निकामी मी कधी नव्हतो. वर एक पोर कळा देते आहे आणि इथं मी साडेआठला एक!

हिनं एकदा किकवर अंग टाकून बघितलं. पायरी ती पायरीच. मग हिनं माझ्याकडे बघितलंच नाही. हाक मारली, "आई, या. इस्त्रीवाले दादा, तुम्ही पण. मागून ढकला."

"अगं, पण चालवणार कोण?" मी म्हणालो.

आई पदर खोचून माझ्या शेजारून गेली. जाताना म्हणाली, "शुंभा, गप बस."

हिनं गाडीवरून पाय टाकला. सहज. रोज टाकावा तसा. पँट कुठंही ओढली नाही, घोट्याशी कुठं अडकली नाही. आसनाला बरोबर ऐसपैस होती. मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात एकामागून एक दिवे लागत गेले. खाटेवरून पाय. स्टूल. आयोडीन. मैत्रीण. चावी! मैत्रीण कसली, पान्ह्याचं गॅरेज!

गल्लीच्या उताराला तिनं गाडी सोडली, आई आणि इस्त्रीवाला मागून धावत होते. तिनं क्लच सोडला, गाडीनं एक आचका दिला आणि धडाड! वळणावर तिनं हात दाखवला. मी तर वळताना कधी हात दाखवत नाही.

आई धापा टाकत परत आली आणि ओट्यावर माझ्याशेजारी बसली. मग मी विचारलं, "कधीपासून?"

"तू ताडपत्री काढलीस तेव्हापासून."

१० मार्च, सोमवार

ही सकाळी आली. गाडी उतारावर लावली होती, त्यामुळे परत यायला अडचण नाही पडली. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. आधी बारकासा पाय आला आणि मग काय काय झालं ते हिनं सांगायला घेतलं, मी हात जोडून थांबवलं.

चहा मी केला. मग विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला आला असतात."

"मग?"

"तुम्ही मला शिवणयंत्र शिकवलं होतंत, आठवतंय? त्यानंतर मी सुईला हात लावला नाही."

मी तिच्या कपात उरलेला चहा ओतला.

"आणि मला नेऊन सोडलेलं नको होतं," ही म्हणाली. या वेळी ती चेष्टा करत नव्हती. "रात्रीअपरात्री बोलावणं आलं, तर मी तुम्हाला उठवू? तुम्ही आजारी पडलात तर बायकांनी थांबायचं? मला माझं जाता यायला हवं. म्हणून विचारत होते, सात करा, साडेसहा करा. तुम्ही आपलं मी ब्याऐंशी, तू पन्नास."

मला वाईट वाटलं. हिनं चार वेळा तोंडानं सांगितलं, दोनदा डोळ्यांनी सांगितलं, आणि पँटचं माप देताना तर गाडीवर बसूनच दाखवायची बाकी ठेवली होती. मी नवरदेवाच्या बापाला दारातून परत पाठवणारा माणूस! घालणार कोण, हे न विचारता मी पिस्टन कापून मोकळा झालो. माप माझ्या अंगाचं घेतलं, आणि कपडा तिचा.

दुपारी पान्ह्याला फोन केला. "तो सपाट आहे का अजून?"

"टेबलाच्या खणातच आहे," तो म्हणाला. "तुमच्याच."

खण उघडला. खडूच्या डबीशेजारी तो बसला होता.

१६ मार्च, रविवार

इंजिन पुन्हा उघडलं. घुमट बाहेर काढताना जीव थोडा कळवळला, खोटं कशाला लिहू. नवं गॅस्केट, नव्या रिंगा आणि सपाट पिस्टन. हिनं सिरिंज काढली, म्हणाली, दोनदा मोजणार ना? मी म्हटलं, एकदा पुरे, तुझा हात आहे. शिवण धरून सात आले.

पण या वेळी मी आकड्यावर विश्वास ठेवला नाही. ट्रायल अंगावरच घ्यायची असते. हिला गाडीजवळ उभी केली आणि मी चार पावलं लांब जाऊन स्टुलावर बसलो. सल्ला द्यायचा नाही, अशी आईनं ताकीद दिली होती आणि ती माझ्या मागेच उभी होती.

हिनं किक हळूच दाबत अडेपर्यंत नेली. जरासं पुढे सरकवली. वर सोडली. अंग टाकलं. किक पार खालपर्यंत गेली, पण इंजिन नुसतं फुसकलं. मी तोंड उघडलं. आईनं माझा खांदा दाबला. हिनं चोक जरा मागं घेतला, पुन्हा तेच सगळं केलं, आणि गाडी सुरू झाली. आवाज खालच्या पट्टीतला. खिडक्यांच्या काचा गप्प.

इस्त्रीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. हिनं गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. तिला थांबवेना. आणि मला तिच्याकडे बघणं थांबवेना.

"चढाचं काय?" मी शेवटी न राहवून विचारलं. "सातवर दोन माणसं चढतील?"

"उद्या बघू," ही म्हणाली. "मागे बसा."

१७ मार्च, सोमवार

बसलो. मांडीवर तिचा डबा. हात कुठं ठेवायचे ते कळेना, शेवटी डबाच घट्ट धरला. सुरुवातीच्या चढाला गाडी बिनबोभाट चढली. शेवटच्या वळणाआधी मंदावली, हिनं गिअर उतरवला, आणि माझ्या ब्याऐंशी किलोंची मलाच लाज वाटायला लागली.

"उतरू का?" मी तिच्या कानाशी ओरडलो.

"गप बसा!"

गाडी चढली. हळू चढली, पण एक ठोका दिला नाही. केंद्रासमोर आलो तेव्हा दार उघडायचं होतं आणि ओसरीवर बायका वाट बघत बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर आठवड्याची पोर. डॉक्टरीणबाई आमच्या मागून आल्या, घड्याळाकडे बघितलं आणि हिला म्हणाल्या, "आज माझ्याही आधी?"

एका म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई, मागं कोण बसलंय?"

"हे होय?" ही हेल्मेट काढत म्हणाली. "हे माझे शिंपी."

सगळ्या हसल्या. मी डबा हातात धरून वाकून नमस्कार केला.

मग घाईघाईनं म्हटलं, बरं, मी निघतो, दुकान उघडायचंय, कोटाच्या बाह्या राहिल्यात, संध्याकाळी न्यायला येतो. आणि चावीसाठी हात पुढे केला. हिनं खिशावर थोपटलं. तो खिसा मीच शिवलाय, खोल आणि बटणाचा.

दुधाचा टेम्पो थेट दुपारी होता. चालत उतरलो.